गावचा फोर बाय फोर ट्रॅक: आखणी, पाणी आणि पैशाचा हिशेब

थार, जिमनी किंवा गुरखा यांसारखी चारही चाके ओढणारी (फोर बाय फोर) गाडी दारात उभी असलेल्या शहरी माणसाला गाडी चिखलादगडांत घालायची हौस असते, पण हक्काची जागा नसते. मग तो अलिबाग-मुरूडच्या ओल्या वाळूत रुततो, भरतीच्या पाण्यात गाडी अर्धी बुडवतो आणि वर पोलिसांची कारवाई ओढवून घेतो. त्याला हवी तशी जमीन डोंगराळ गावांत पडून आहे: मुरमाड वरकस उतार, ओहोळ, दगडगोट्यांची माळराने, बंद पडलेल्या चिरेखाणी. भातही न पिकणाऱ्या अशा जमिनीवर दोन-चार किलोमीटरचा ट्रॅक नीट आखला तर शनिवार-रविवारी गावात बरा पैसा खेळतो.

अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त येते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ट्रॅक सगळ्यात जास्त मार खातो तोही त्याच दोन महिन्यांत. हा पेच आखणी करतानाच सोडवला नाही तर पहिल्या पावसाळ्यात ट्रॅकचा ओढा होतो आणि दुसऱ्या वर्षी खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात गाळ साचल्यावरून भांडण लागते. म्हणून पुढची बहुतेक चर्चा पाण्याभोवती फिरते.

वेस्ट व्हर्जिनियातून काय घ्यावे

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा दक्षिण भाग कोळशाच्या खाणींवर जगत होता. खाणीतले रोजगार आटत गेले तेव्हा, १९९६ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने हॅटफील्ड-मॅकॉय रिजनल रिक्रिएशन ऑथॉरिटी ही संस्था स्थापन केली. २००० मध्ये पहिले ट्रेल, म्हणजे गाडीने भटकायच्या डोंगरवाटा, खुले झाले. आज त्यांची लांबी १,००० मैलांच्या, म्हणजे साधारण १,६०० किलोमीटरच्या पुढे आहे. जमीन बहुतांशी कोळसा, लाकूड आणि जमीनधारक कंपन्यांची खाजगी मालकीची. संस्थेने ती विकत घेतली नाही, वापराचे करार केले. ट्रेलवर कोणी पडला-धडपडला तर त्याचा दावा जमीनमालकावर येऊ नये अशी तरतूद कायद्यात केली. खाणीचे आणि लाकूडतोडीचे जुने रस्तेच जोडून घेतल्यामुळे नवे खोदकाम कमी लागले. गाडीवाल्याला परवाना विकत घ्यावा लागतो. तो स्थानिकाला स्वस्त, बाहेरच्याला महाग.

यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वेगळीच आहे. गिल्बर्ट, मेटवान यांसारख्या छोट्या गावांत एटीव्ही (जाड टायरची, मोटारसायकलसारखी हँडलने चालवायची चारचाकी) थेट बाजारपेठेपर्यंत नेता येते. माणूस ट्रेलवरून उतरतो, त्याच गाडीने खाणावळीपुढे थांबतो, खोली घेतो, पेट्रोल भरतो. परवान्याच्या पैशातून ट्रॅकची देखभाल होते आणि गावाचा संसार खाणावळ-मुक्कामावर चालतो.

हा शेवटचा भाग आपल्याकडे जसाच्या तसा जमत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यावरचे वाहन म्हणून नोंदणी होत नाही. त्या खाजगी जागेच्या कुंपणातच चालवायच्या. तेव्हा आपला मुख्य गिऱ्हाईक स्वतःची, नोंदणी झालेली फोर बाय फोर घेऊन येणारा धरावा. एटीव्हीच्या दोन-तीन गाड्या कुटुंबांसाठी जोडधंदा म्हणून ठेवल्या तर चालतील.

कागद आधी, जेसीबी नंतर

ट्रॅक ज्या ज्या गटातून जाणार त्या प्रत्येकाचा सातबारा आणि गावनकाशा काढा. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाखाली न थांबता ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. सह्याद्रीच्या पट्ट्यात तिथे ‘खाजगी वन’ किंवा ‘राखीव वन’ असा शेरा सापडणे नेहमीचे आहे. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याखाली आलेली जमीन कसत असाल तरी तिच्यावर यंत्र लावू नका. आधी वनखात्याकडून लेखी खुलासा घ्या. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वनजमिनीचा वनेतर वापर १९८० च्या कायद्यामुळे ग्रामपंचायतीच्या हातात नाही. गायरान आणि पाणंद यांवरही अडथळे बांधायचे नसतात. पाणंद लोकांच्या वहिवाटीची असते, ती फक्त ओलांडायची, तीही काटकोनात. गाव महाबळेश्वर-पाचगणी किंवा माथेरानसारख्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येत असेल तर बंधने आणखी वाढतात.

मुरूम आपल्याच शेतातला असला तरी तो गौण खनिज आहे. उत्खननाआधी तहसीलदारांकडे अर्ज करा. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र अडकते ते वेगळेच. सगळा ट्रॅक तयार झाल्यावर या एका कागदापायी प्रकल्प बंद पडू शकतो.

राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाचा शासन निर्णय ऑगस्ट २०२१ चा आहे. त्यानुसार असा उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रशिक्षित माणसे, साधनांची यादी, विमा आणि बचावाचा आराखडा यांची तयारी त्या दृष्टीने पहिल्यापासून ठेवावी.

जमीनमालकांशी करार लिहूनच करा. त्यात किमान इतके असावे: किती मीटर रुंदीचा पट्टा, किती वर्षांसाठी, मोबदला एकरकमी की दर गाडीमागे, गुरे कधी आणि कुठून जाणार, नुकसानभरपाई कोण देणार, आणि अपघाताचा दावा आला तर तो चालवणारी संस्था अंगावर घेणार. वेस्ट व्हर्जिनियात मालकाला कायद्याने जे कवच दिले ते आपल्याकडे करारातून आणि सार्वजनिक दायित्वाच्या विम्यातून उभे करावे लागते. येणाऱ्या गाडीच्या विम्यावर विसंबू नका: मोटार पॉलिसीत शर्यती, वेगचाचणी, क्षमताचाचणी असा वापर वगळलेला असतो आणि ‘इव्हेंट’ हा शब्द छापलेला फलक विमा कंपनीच्या हाती आयता पुरावा देतो. पांढऱ्या पाटीच्या जीपमधून पैसे घेऊन पर्यटक फिरवणे हाही तोट्याचा व्यवहार आहे. सार्वजनिक रस्त्यावर तो परवान्याचा भंग ठरतो आणि अपघातात दावा नाकारला जातो.

जागा वाचणे

जागा दोनदा बघा: एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात. मे महिन्यात माती दिसते, पावसात पाणी दिसते. पावसातल्या फेरीत हातात गावनकाशाची प्रत ठेवून पाणी जिथून वाहते त्या प्रत्येक रेषेवर खूण करा. पुढची सगळी आखणी याच कागदावर होते.

मुरूम, कातळ आणि दगडमिश्रित लाल माती चालते. काळी माती पूर्णपणे टाळा. ओली असताना ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात. खाचराचा बांध ट्रॅकमध्ये कधीच घेऊ नये, एका चाकाने तो बसतो आणि वरचे पाणी खालच्याच्या शेतात जाते. आंबा-काजूच्या बागेला लागून ट्रॅक नेऊ नका, कारण डिसेंबर ते फेब्रुवारीत मोहोरावर धूळ बसली की बागायतदार तुमचा शत्रू होतो, आणि त्याची चूकही नसते.

कोकणातल्या सड्याबद्दल वेगळे सांगायला हवे. जांभ्याचा उघडा सडा गाडीसाठी उत्तम वाटतो: कठीण, सपाट, चिखल नाही. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी अशा ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. कित्येक चित्रे मातीच्या पातळ थराखाली झाकलेली असतात आणि नव्या जागा अजूनही सापडतात. एका टायरच्या घसटीने ती रेघ कायमची पुसली जाते. शिवाय पावसाळ्यात फुलणारी सड्यावरची वनस्पती बोटभर मातीवर जगते. तेव्हा अस्पर्श सडा सोडून द्या आणि त्याच गावातली बंद चिरेखाण बघा. तळ कठीण असतो, जमीन आधीच उकरलेली असते. वेस्ट व्हर्जिनियाने जुने खाणरस्ते वापरले तेच इथे करता येते. खाणीची मालकी आणि परवान्याची स्थिती तपासा, उभ्या कडांना कडेपासून तीन मीटर आत कुंपण घाला, आणि पाणी साचलेले खड्डे ट्रॅकबाहेर ठेवा. त्यांची खोली वरून कळत नाही.

आखणी

ट्रॅक नेहमी फेरा असावा, एकेरी, आत जायला आणि बाहेर यायला एकच फाटक. समोरासमोर गाड्या येण्याचा प्रश्नच मिटतो आणि आत किती गाड्या आहेत ते फाटकावरच्या माणसाला कळते. मोठा एक फेरा करण्यापेक्षा एकाच वाटेवरून फुटणारे तीन लहान फेरे चांगले: एक सोपा, एक मध्यम, एक अवघड. हॅटफील्ड-मॅकॉयच्या वाटा हिरव्या, निळ्या आणि काळ्या खुणांनी ओळखल्या जातात. तीच पद्धत घ्या, ऑफ-रोडवाल्यांना ती समजते.

लांबीची हाव धरू नका. पाच एकर म्हणजे साधारण २०,००० चौरस मीटर. दोन वाटांमध्ये १२ मीटर अंतर धरले तर कागदावर १,६०० मीटर बसतात, प्रत्यक्षात वळणे आणि पार्किंग जाऊन हजार-बाराशे. तेवढेही पुरते. ऑफ-रोडवाला तासाला पाच-सहा किलोमीटरने जातो आणि निम्मा वेळ दुसऱ्याची गाडी चढताना बघत उभा असतो.

रुंदी सरळ भागात ३ मीटर, वळणावर ४ ते साडेचार. थार १.८२ मीटर रुंद आहे. आरसे आणि घसरण धरून ३ मीटर लागतातच. त्याहून रुंद केले तर लोक वेग घेतात.

चढ मोजायला महागडी उपकरणे नकोत. पाणलोटाच्या कामात समपातळी आखायला वापरतात ती पाण्याची नळी, ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर पुरे. १० मीटर अंतरात १ मीटर उंची म्हणजे १० टक्के. दोन नियम पाळा. सलग चढ १० ते १२ टक्क्यांच्या आत. आणि वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको: उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत. दुसरा नियम मोडला की वाट उताराच्या ओळीत येते, पाणी कडेने बाहेर न पडता वाटेतूनच धावते आणि मग कितीही मुरूम घाला, टिकत नाही. खडा चढ हवा असेल तर तो स्वतंत्र अडथळा म्हणून, कातळावर, १५-२० मीटरपुरता ठेवा.

फक्कीने रेषा मारा, खुंट्या ठोका, आणि एक गाडी रेषेवरून हळू चालवून बघा. वळण घेताना मागेपुढे करावे लागले तर खुंटी आताच हलवा. यंत्र आल्यावर कोणी हलवत नाही.

पाणी

ताम्हिणी, आंबोली, महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जलशास्त्रातला जुना नियम सांगतो की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो ६४ पट जड दगड ढकलू शकतो. म्हणजे वाटेवर पाण्याला वेग घेऊच द्यायचा नाही. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा बाहेर काढायचे.

वाटेला दरीच्या बाजूला ५ टक्के तिरपा उतार द्या. ३ मीटर रुंदीत १५ सेंटिमीटर. दरीकडची मातीची कड उभी राहू देऊ नका. जेसीबीवाला सवयीने तिकडे मातीचा वरंबा सोडतो आणि वाटेचा पाट होतो. काम संपवून यंत्र परत पाठवण्याआधी ही कड काढून घ्या.

चाके फिरून काही महिन्यांत हा तिरपेपणा पुसला जातो. म्हणून लाटेसारखी बैठक द्यावी लागते: वाट उतरत जाते, मध्येच ३० सेंटिमीटर खाली बसते, लगेच ३० सेंटिमीटर वर चढते, आणि त्या खोलगट जागेतून पाणी दरीकडे बाहेर पडते. हा चढउतार ८ ते १० मीटर लांबीत पसरवा, नाहीतर गाडीचे पोट घासते. १० टक्के चढावर, मऊ मातीत दर १५ ते २० मीटरला एक. ५ टक्क्यांवर ३० ते ४० मीटरला एक. आडवे लाकूड किंवा दगडांची रांग घालून पाणी अडवण्याचा पायवाटेवरचा प्रकार गाडीवाटेवर चालत नाही: दुसऱ्या-तिसऱ्या गाडीला ती रांग उखडते. पाणी बाहेर पडते तिथे दोन घमेली नव्हे, किमान एक चौरस मीटर जागेवर मोठे दगड पसरा, म्हणजे खाली घळ पडणार नाही. आणि ते पाणी कोणाच्या खाचरात जाते हे जमीनमालकाला दाखवून त्याची संमती घ्या.

ओहोळ काटकोनात ओलांडा, जिथे तळाला कातळ किंवा गोटे आहेत तिथे. दोन्ही बाजूंचे १०-१० मीटर दगडी सोलिंग करा. २३ सेंटिमीटर जाडी, ३ मीटर रुंदी धरली तर २० मीटरला सुमारे १४ घनमीटर, म्हणजे ५ ब्रास दगड. ३०० मिलिमीटरचा ह्यूम पाइप टाकून वर भराव करण्याचा मोह टाळा; सह्याद्रीत तो पहिल्याच पुरात पालापाचोळ्याने तुंबतो आणि भराव वाहून जातो. साधी दगडी फरशी, जिच्यावरून पाणी वाहू शकते, तीच टिकते. काठावर खोली दाखवणारा रंगवलेला खांब लावा, ४० सेंटिमीटरवर लाल पट्टा. पाणी लाल पट्ट्याला टेकले की फाटक बंद.

मऊ टप्प्यांना मुरूम लागतो. १०० मीटर वाट, ३ मीटर रुंद, दाबल्यावर १५ सेंटिमीटर जाडी म्हणजे ४५ घनमीटर. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पाव भाग जास्त धरा: ५६ घनमीटर, साधारण २० ब्रास. पाणी मारून, रोलर फिरवूनच बसवा. नुसता पसरलेला मुरूम जूनमध्ये ओहोळात दिसतो.

अडथळे

अडथळा म्हणजे गाडी मोडण्याचे साधन नव्हे. चालकाला एखादी गोष्ट शिकवणारी, बघणाऱ्याला करमणूक देणारी जागा. प्रत्येक अडथळ्याला बाजूने वाट ठेवा. ती नसेल तर एक अडकलेली गाडी सगळा ताफा थांबवते.

आडवेतिडवे खड्डे: डावा-उजवा असे आळीपाळीने, ३० ते ४० सेंटिमीटर खोल. लगतच्या डाव्या-उजव्या खड्ड्यांमधले अंतर गाडीच्या दोन आसांमधल्या अंतराएवढे ठेवले की तिरकी दोन चाके एकदम लोंबकळतात. तीन दारी थारमध्ये ते अंतर २.४५ मीटर, पाच दारी जिमनीत २.५९. अडीच मीटर धरा. कडा सिमेंट-दगडात बांधून घ्या, मातीच्या कडा एका दिवसात ढासळतात.

कलती वाट: नवख्यांसाठी १५ अंश, अनुभवींसाठी २० ते २५, त्यापुढे नको. खालच्या बाजूला दगड किंवा खुंट अजिबात नको. घसरलेली गाडी त्यावर अडून कलंडते. खडा चढ: २० ते २५ अंश, माथ्यावर १० मीटर सपाटी, आणि माथ्यावर उभा असलेला माणूस हातवारे करून पुढचे दाखवेल अशी व्यवस्था, कारण बोनेटपलीकडे चालकाला फक्त आभाळ दिसते. चिखलखड्डा: तळाला सोलिंग, वर ४५ सेंटिमीटर चिखल, एका बाजूला झडप असलेला निचरा. तळ कच्चा ठेवला तर दर गाडीगणिक खोल होत जातो आणि संध्याकाळपर्यंत त्यात थारही पोटावर बसते. थारची जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, जिमनीची २१०. दगडांच्या पट्ट्यात यापेक्षा उंच, एकटा उभा दगड ठेवू नका. पाण्याचा खड्डा ४० सेंटिमीटर. थारची पाण्यातली क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली जाते, पण ती संथ पाण्यात, हळू गतीने. वेगाने घुसलेल्या गाडीपुढे लाट उठते आणि इंजिन पाणी ओढते.

माणसे, दोर आणि ट्रॅक्टर

सहा गाड्यांमागे दोन मार्शल: एक पुढे, एक अडथळ्यापाशी. गावातले ट्रॅक्टर आणि टेम्पो चालवणारे तरुण यासाठी उत्तम, पण त्यांना शिकवावे लागते. महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणाची अकादमी उभी केली. अशा ठिकाणी दोन-तीन जणांना पाठवून बाकीच्यांना त्यांच्याकडून शिकवून घ्यावे. हाताच्या खुणा सगळ्यांच्या सारख्या हव्यात, आणि एका वेळी चालकाला एकच माणूस खुणा करणार. पाच जण ओरडायला लागले की गाडी हमखास चुकीच्या बाजूला जाते.

आत सोडण्याआधी टायरमधली हवा कमी करा: दगड-मुरमात २२ ते २५ पीएसआय, चिखलात १८ ते २०. बाहेर पडताना पुन्हा भरायला कंप्रेसर फाटकावरच ठेवा. कमी हवेने घाट उतरताना टायर रिममधून निसटतो.

ओढण्याच्या कामातच सर्वात गंभीर अपघात होतात. गावात पद्धत अशी की ट्रॅक्टरला साखळी बांधून झटका मारायचा. साखळी तुटली तर तिचा तुकडा काच फोडून आत येतो. झटक्यासाठी ताणणारा नायलॉनचा कायनेटिक दोर वापरा, गाडीच्या पूर्ण वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा. जोडायला ४.७५ टनी शॅकल (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी), आणि तो चॅसिसच्या हुकालाच; टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही नाही, तो तुटून गोळीसारखा सुटतो. ट्रॅक्टरने ओढायचे तर दोर खालच्या ड्रॉबारला बांधा. वरच्या टॉप लिंकला बांधला तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटा पडतो. विंच लावणार असाल तर गाडीच्या पूर्ण वजनाच्या दीडपट, थारसारख्या गाडीला ९,००० पाउंडांची. झाडाला गुंडाळायचा पट्टा किमान ६ सेंटिमीटर रुंद हवा, नाहीतर साल कापते आणि झाड मरते. ताणलेल्या दोरावर ओले पोते टाका, आणि बघे लोक दोराच्या लांबीच्या दीडपट दूर.

वाटेवर दर २०० मीटरला क्रमांकाचा खांब आणि प्रत्येक खांबाचे अक्षांश-रेखांश फाटकावर लिहिलेले असावेत. १०८ वर फोन केला की ‘आंब्याच्या झाडापाशी’ असे सांगून रुग्णवाहिका येत नाही. एटीव्हीवर हेल्मेट सगळ्यांना, एका आसनाच्या यंत्रावर एकच माणूस, आणि मोठी यंत्रे १६ वर्षांखालच्यांना नाहीत. दारू प्यायलेल्याला फाटकातूनच परत पाठवा, तो गटाचा म्होरक्या असला तरी.

मार्चनंतर वाळलेले गवत गाडीखालच्या तापलेल्या सायलेन्सरला अडकून पेट घेते. वाटेच्या मधली पट्टी आणि पार्किंग फेब्रुवारीतच साफ करा, प्रत्येक मार्शलकडे अग्निशामक द्या. वणवा ट्रॅकवरून सुटला असा नुसता संशय आला तरी गाव तुमच्या बाजूने उभे राहत नाही.

पावसाळा

आता सुरुवातीच्या पेचाकडे. सगळा ट्रॅक पावसाळ्यात चालवायचा नाही, आणि सगळा बंदही ठेवायचा नाही. ५०० ते ६०० मीटरचा वेगळा पावसाळी फेरा ठेवा, फक्त कातळ, गोटे आणि घट्ट मुरमाचा. तो दगड टाकून बनवायला गेलात तर ६०० मीटरला जवळजवळ १४५ ब्रास सोलिंग लागेल, जे परवडत नाही. पावसाळी फेरा जमिनीतच शोधायचा असतो. जागा निवडताना चिरेखाणीचा आग्रह याचसाठी.

उरलेला ट्रॅक कधी उघडायचा याची कसोटी सोपी आहे. वाटेवरची मूठभर माती घेऊन तळहातावर घोळवा. पेन्सिलच्या निम्म्या जाडीची, साधारण ३ मिलिमीटरची वळी न तुटता वळली तर माती ओली आहे, चाकाखाली तिला चर पडणार, बंद ठेवा. वळी तुटू लागली तर उघडा. घट्ट मुरमाची वळी वळतच नाही, म्हणून तो पावसात चालतो. चर १० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ लागले तर चालू दिवशीही तो फेरा थांबवा. हा निर्णय घेणारा माणूस आणि पावती फाडणारा माणूस वेगळे असावेत. एकच असला तर फाटक कधीच बंद होत नाही.

बाहेरून येणाऱ्या चाकांबरोबर गाजरगवत आणि रानमोडीचे बी येते. फाटकापाशी धुण्याची जागा करा, पाणी आधी गाळ बसण्याच्या खड्ड्यात आणि तिथून शोषखड्ड्यात सोडा. जाताना पुन्हा गाडी धुऊन देण्याचे पैसे घेता येतात आणि लोक आनंदाने देतात.

पैसा

समजा एका शनिवार-रविवारी १२ गाड्या आणि ३० माणसे आली. प्रवेश दर गाडी ८०० रुपये: ९,६००. तीस जणांचे दोन वेळचे जेवण, एका वेळचे २५० रुपये: १५,०००. वीस जणांचा मुक्काम ९०० रुपयांनी: १८,०००. एकूण ४२,६००, त्यात प्रवेशाचा वाटा पाव भागाहून कमी. दर तुमच्या भागाप्रमाणे बदलतील, प्रमाण फारसे बदलत नाही. म्हणूनच शहरातला एखादा गट सकाळी येऊन, डबा बरोबर आणून, चारला परत जात असेल तर गावाच्या हाती धूळच राहते. ट्रॅकची वेळ अशी ठेवा की लोकांना राहावे लागेल: शनिवारी दुपारी सोपे फेरे, रविवारी सकाळी अवघड. मुक्कामाच्या पावतीवर प्रवेशात सवलत द्या. जेवण महिला बचत गटाकडे, आणि तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, गावठी कोंबडी असेच ठेवा. पनीर बटर मसाला त्यांना वाटेतल्या ढाब्यावर मिळतो.

क्षमता सर्वात संथ अडथळा ठरवतो. एका गाडीला तिथे सहा मिनिटे लागत असतील तर तासाला दहा गाड्या, दिवसाच्या सहा तासांत साठ फेऱ्या. यापेक्षा जास्त पावत्या फाडल्या तर लोक रांगेत उभे राहून वैतागतात आणि कंटाळलेला माणूस कडेने नवी वाट पाडतो. नवी वाट पाडणाऱ्याची ठेव जप्त, असा नियम फाटकावरच लिहा. प्रवेशातून येणाऱ्या रकमेचा किमान अर्धा भाग देखभालीच्या वेगळ्या खात्यात टाका आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचा. हिशेब कळला नाही की ज्याच्या शेतातून पट्टा गेला आहे तो शेतकरी एक दिवस वाटेत दगड टाकतो.

देखभाल

दर सोमवारी एक माणूस फावडे घेऊन सगळी वाट चालून येईल. त्याचे काम एकच: पाणी बाहेर पडण्याची प्रत्येक जागा गाळ-पाल्यापासून मोकळी करणे. एका तुंबलेल्या तोंडाचे पाणी खालच्या तोंडावर जाते, तेही तुंबते, आणि तिसऱ्यापाशी वाट फुटते. मे महिन्याच्या शेवटी सगळ्या बैठका पुन्हा खोल करून घ्या, तिरपा उतार नव्याने द्या. ऑक्टोबरमध्ये उघडण्याआधी अडथळ्यांच्या कडा, दोर, शॅकल तपासा; उन्हाने कडक झालेला किंवा धागे सुटलेला दोर कापून फेका, कारण अखंड दिसला की कोणीतरी तो वापरतोच. मुरूम धुऊन गेलेल्या जागांची यादी तेव्हाच करा आणि एकाच ठिकाणी दोन वर्षे मुरूम जात असेल तर तिसऱ्यांदा भरू नका. तिथे वाटच चुकली आहे. ती दहा मीटर वर किंवा खाली सरकवा आणि जुन्या भागावर आडवे चर मारून करवंदाची, निर्गुडीची रोपे लावून टाका.